पाळी गेली, बोटं आखडली, गुडघा धरला; यात इस्ट्रोजेनचा दोष किती?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. वय ४९, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी बोटं आखडतात, पोळ्या लाटताना उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, जिना उतरताना गुडघे दुखतात. खुब्याची तक्रार नाही. मैत्रीण म्हणते हार्मोनच्या गोळ्या सुरू कर, सांधे वाचतील. फॅमिली डॉक्टर म्हणतात वयोमानाने होतंच. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन बंद करणारी गोळी) घेणाऱ्या बहिणीचे सांधे तर तुमच्याहून जास्त दुखतात. म्हणून तुम्ही विचारलंय की हे सगळं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झाल्यामुळे आहे का, आणि ते बाहेरून दिलं तर झीज थांबेल का.

सत्तावीस वर्षं हाडांच्या ओपीडीत बसल्यावर माझं उत्तर असं आहे. दुखण्याशी आणि आखडण्याशी इस्ट्रोजेनचा संबंध नक्की आहे. झिजेशी असलेला संबंध मात्र सांध्यागणिक बदलतो. बोटांत तो बराच दिसतो, गुडघ्यात अर्धामुर्धा, खुब्यात थोडा, आणि जबड्यात तर उलटाच. त्यामुळे ‘हार्मोन गेलं म्हणून सांधे गेले’ असं सरसकट म्हणणारा डॉक्टर आणि ‘वयोमानाने होतं’ म्हणून तुम्हाला परत पाठवणारा डॉक्टर, दोघंही निम्मंच सांगतायत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पेशंट येतात ते ‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाली’ असं म्हणत. एक्सरेवर हाडांमधलं अंतर कमी दिसतं आणि सगळं लक्ष त्या गादीवर, म्हणजे कूर्चेवर जातं. पण सांधा नुसती कूर्चा नसते. तिच्याखालचं हाड, आतलं अस्तर, बाहेरून बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि सांध्याला पेलून धरणारे स्नायू मिळून सांधा होतो. इस्ट्रोजेन पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) या सगळ्या ठिकाणी आहेत. इस्ट्रोजेन असताना कूर्चा कुरतडणाऱ्या विकरांवर (एन्झाइम) थोडा लगाम राहतो, सूज वाढवणारी रसायनं आटोक्यात राहतात, कूर्चेखालच्या हाडाची मोडतोड आणि बांधणी संथ चालते. पाळी गेली की हाडाची उलाढाल एकदम वाढते. कूर्चेतला कोलॅजेन तुटल्यावर लघवीत उतरणारे तुकडेही पाळी गेलेल्या बायकांत जास्त सापडतात. अंडाशय काढलेल्या माकडिणींना काही वर्षं इस्ट्रोजेन दिलं, तर त्यांच्या गुडघ्यांची झीज न दिलेल्यांपेक्षा सौम्य राहिली.

इथवर वाचून गोळ्या सुरू कराव्यात असंच कुणालाही वाटेल. पण मग एक कोडं उभं राहतं. पाळी गेल्यावर शरीरात जे थोडंफार इस्ट्रोजेन उरतं ते मुख्यतः चरबीत तयार होतं, त्यामुळे स्थूल बाईत ते सडपातळ बाईपेक्षा जास्त असतं. हिशेब साधा असता तर स्थूल बायकांचे सांधे जास्त टिकले असते. प्रत्यक्षात त्यांचे गुडघे आधी जातात. आणि हे फक्त वजनाचं ओझं म्हणूनही सोडता येत नाही, कारण त्यांच्या बोटांतही झीज जास्त आढळते, आणि बोटांवर काही कोणी चालत नाही. चरबीतून सूज वाढवणारे पदार्थही रक्तात येत असतात. दुसरं कोडं हाडांचं. ज्यांची हाडं घनदाट, त्यांना ठिसूळपणा कमी होतो, पण गुडघ्याची आणि खुब्याची झीज जास्त. इस्ट्रोजेन हाड घन ठेवतं. मग सांध्यासाठी ते चांगलं की वाईट? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सांधा-सांधा करून बघू.

बोटं. हार्मोनची सावली सगळ्यात गडद पडते ती इथे. नखाजवळच्या सांध्यावर ज्या कडक गाठी येतात, त्यांना हेबर्डेनच्या गाठी म्हणतात. विल्यम हेबर्डेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज वैद्याने त्यांचं वर्णन केलं, आणि गाऊटपासून (युरिक ॲसिडच्या संधिवातापासून) त्या वेगळ्या आहेत हेही सांगितलं. आजही या गाठी दिसल्या की कोणीतरी युरिक ॲसिड तपासायला धाडतंच! मधल्या सांध्यावर अशाच गाठी आल्या तर त्या बुशारच्या. या गाठी बायकांत पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आणि मुख्यतः पाळी जाण्याच्या आगेमागे सुरू होतात. १९२५ मध्येच अमेरिकेत सेसिल आणि आर्चर या डॉक्टरांनी ‘पाळी जाण्याच्या काळातला संधिवात’ असं वर्णन छापलं होतं. आई, मावशी, मुलगी अशी ओळही लागते. तुमच्या आईचे हात आठवून पाहा.

सुरुवातीचं वर्ष-दोन वर्षं त्या गाठी लाल होतात, ठणकतात, कधी पाण्यासारखा फोड येतो. मग दुखणं विझतं आणि गाठ राहते. हे सांगितलं की बऱ्याच बायकांचा निम्मा घोर उतरतो, कारण त्यांना भीती असते ती हात वाकडे होऊन लुळे पडण्याची. तसं इथे सहसा होत नाही.

अंगठ्याच्या बुडाचा सांधा मात्र खरा त्रास देतो. घोड्याच्या खोगिरासारखा त्याचा आकार, म्हणून अंगठा सगळीकडे फिरतो, पण त्याला घट्ट ठेवणं अस्थिबंधांवर सोपवलेलं असतं. ते सैल पडले की अंगठ्याचं हाड थोडं बाहेर सरकतं आणि कूर्चा एकाच कडेला घासत राहते. पाळी गेलेल्या बायकांचे एक्सरे पाहिले तर साधारण तिसऱ्या हिश्श्यात तिथे झीज दिसते, आणि त्यातल्या पुष्कळ जणींना कसलीही तक्रार नसते. लाटणं, पिळे पिळणं, बरणीचं झाकण उघडणं, किल्ली फिरवणं, सगळ्यात चिमटीचा जोर लागतो. चिमटीच्या टोकाला लावलेला जोर या बुडाशी कितीतरी पटीने वाढून पोचतो. एक बाई मला म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, भाकरी थापताना दुखत नाही, लाटणं धरलं की जीव जातो.” निदान त्यांनीच करून आणलं होतं. थापताना तळवा काम करतो, लाटताना अंगठा.

पण तुमच्या बोटांना ‘झीज’ म्हणण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत, गरम पाण्यात हात घातल्यावर सुटत असेल तर ते झिजेचं. तासभर सुटत नसेल, मुठीच्या उंचवट्यांवर किंवा मनगटावर मऊ सूज असेल, तर तो आमवात (ऱ्हुमॅटॉइड) असू शकतो. त्याची औषधं पूर्ण वेगळी आणि उशीर महागात पडणारा. तो नखाजवळचे सांधे सहसा सोडून देतो, ही एक सोपी खूण. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या, आणि सोबत थायरॉइड व साखर एवढं एकदा करून घ्या. गेल्या वर्षभरात चिकुनगुनिया झाला असेल तर तेही सांगा. तो महिनोन्महिने सांधे धरून ठेवतो आणि उगाच पाळीच्या नावावर जातो.

गुडघा. माझ्या ओपीडीतल्या निम्म्या खुर्च्या या सांध्याने अडवलेल्या असतात. पन्नाशीपर्यंत बायका आणि पुरुष फार मागेपुढे नसतात. त्यानंतर बायकांचा आलेख चढतो आणि त्यांचा आजारही जास्त तीव्र दिसतो. पुण्याजवळच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांध्यांची पाहणी सुरू केली. आपल्याकडच्या ग्रामीण सांधेदुखीचा हिशेब मांडायचा तर अजूनही तिथूनच सुरुवात होते. त्या गावात झिजेचा संधिवात साधारण ५.८ टक्के लोकांत निघाला, आमवात ०.५५ टक्के.

इस्ट्रोजेन गुडघ्याला स्पर्श करतं, पण पुष्कळसं आडवाटेने. ते गेलं की मांडीचा पुढचा स्नायू पातळ होतो, चरबी कमरेवरून पोटावर सरकते, झोप मोडते, आणि झोप मोडली की तेच दुखणं दुप्पट वाटतं. तुम्ही जिना उतरताना दुखतं म्हणता. उतरताना शरीराचा भार आवरून धरायचं काम त्याच मांडीच्या स्नायूचं आहे. चढताना नाही आणि उतरताना दुखतं असं कुणी म्हणालं की मी एक्सरेआधी मांडीचा घेर टेपने मोजतो.

हार्मोनपेक्षा सांध्याची स्वतःची कहाणी कशी वरचढ ठरते, ते बीजिंगच्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. तिथल्या वयस्क बायकांचे एक्सरे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बायकांशी ताडून पाहिले. चिनी बायका सडपातळ, तरी गुडघ्याची झीज त्यांच्यात जास्त निघाली. खुब्याची मात्र अगदी दुर्मीळ. पाळी दोघींचीही जाते, इस्ट्रोजेन दोघींचंही उतरतं. गुडघ्याच्या फरकात मोठा वाटा निघाला तो तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसण्याचा. आपल्या घरातलं उकिडवं बसून धुणं, भांडी, शेतातली निंदणी, भारतीय बैठकीचा संडास आठवा. मांडी घालून दहा मिनिटं जेवण्याने गुडघा झिजतो असं मी म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं उकिडवं काम करण्याचा हिशेब गुडघा ठेवतो.

खुबा. इथे थोडक्यात आटोपतो, कारण तुम्हाला त्रास नाही आणि आपल्याकडे खुब्याची मूळची झीज कमीच. भारतात खुबा खराब होतो तो बहुधा रक्तपुरवठा बंद पडून, लहानपणच्या आजारातून किंवा कण्याच्या संधिवातामुळे. युरोपीय वंशाच्या लोकांत तो झिजतो, आणि त्यात वाटी उथळ असणं किंवा गोळ्याची मान जाड असणं अशा सांध्याच्या घडणीचा हात मोठा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क गोऱ्या बायकांच्या पाहणीत इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत खुब्याची झीज ३८ टक्क्यांनी कमी आढळली होती. पण त्या काळी हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त तब्येतीने राहणाऱ्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. नुसत्या पाहणीत गोळीचं पुण्य आणि राहणीचं पुण्य वेगळं काढता येत नाही.

कंबर. चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकणं हा पन्नाशीनंतरच्या बायकांचा आजार, पुरुषांत तो कितीतरी कमी. जपानी शल्यचिकित्सकांनी १९९५ मध्ये दाखवलं की दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांत तो साधारण तिप्पट आढळतो. मणक्यांच्या मागचे छोटे सांधे आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध सैलावणं हे त्याचं सगळ्यात पटणारं कारण.

जबडा. तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळा सिद्धान्त इथे उलटा पडतो म्हणून सांगतो. कानापुढच्या सांध्याचं दुखणं बायकांना पाळी चालू असतानाच्या वयात जास्त, आणि पाळी गेल्यावर कमी होतं. १९९७ च्या एका अमेरिकी पाहणीत इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघालं. तेच हार्मोन, तेच शरीर, आणि परिणाम दुसऱ्या टोकाचा.

आता मैत्रिणीच्या गोळ्यांकडे. यावर दोन मोठे अभ्यास आहेत, दोन्ही अमेरिकेतले; कुणाला खरी गोळी आणि कुणाला औषध नसलेली खोटी गोळी, हे त्यांत जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं. पहिला हृदयरोग असलेल्या पाळी गेलेल्या बायकांचा. त्यात चार वर्षांनी गुडघेदुखी हार्मोन घेणाऱ्यांत २४.१ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. दुसरा ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा. त्यातल्या गर्भपिशवी काढलेल्या दहा हजारांहून अधिक बायकांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी दिली गेली. वर्षभराने सांधेदुखी ७६.३ विरुद्ध ७९.२ टक्के. आकडेशास्त्रात हा फरक खरा, पण शंभरात तीन बायका. सांध्यांची सूज मात्र इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत किंचित जास्तच, ४२.१ विरुद्ध ३९.७. सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया इस्ट्रोजेनवाल्यांत थोड्या कमी झाल्या, पण तो आकडा खात्रीच्या उंबरठ्यावरच थबकला. गर्भपिशवी असलेल्यांना इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन जातीचं औषध द्यावंच लागतं, आणि त्या गटात सांधेबदलात काहीच फरक दिसला नाही.

यावर स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र मला म्हणतात, त्या बायका सरासरी साठीच्या पुढच्या होत्या, पाळी गेल्या-गेल्या दिलं असतं तर? आक्षेप रास्त आहे, पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून माझं मत असं की गुडघा किंवा बोटं वाचवायला म्हणून हार्मोन घेऊ नका. अंगातून गरम वाफा निघून रात्री झोप होत नसेल, पाळी लवकर गेली असेल, हाडं पातळ असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत असाल तर हिशेब बहुधा तुमच्या बाजूने असतो. तेव्हा सांध्यांचं आखडणं कमी झालं तर ते वरकड. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा चालू आजार यांपैकी काही असेल तर विषय तिथेच मिटतो. आणि औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर, कृपा करून, नको.

पाळी लवकर जाण्याचं एक आपल्याच मातीतलं रूप आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर अंडाशय गेले की पाळी एका रात्रीत जाते. अंडाशय ठेवले तरी ते सहसा काही वर्षं आधी थकतात. आणि त्यानंतरही मोळी डोक्यावर, वाकून तोडणी, उकिडवं बसणं चालूच. चाळिशीत साठीचे गुडघे घेऊन येणाऱ्या बाईला मी पहिला प्रश्न विचारतो, “पिशवी काढली का, आणि अंडाशय ठेवले का?” बहुतेकींना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या ओळखीत कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा.

आता बहिणीविषयी. इस्ट्रोजेन आणि सांधे यांचा सगळ्यात स्पष्ट पुरावा लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल या औषधांनीच दिला आहे. चरबीत तयार होणारा तो शेवटचा थेंबही ही औषधं बंद करतात, आणि ती घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचे सांधे काही आठवड्या-महिन्यांत दुखू लागतात. बोटं आखडतात, बोट अडकून खट्‌कन सुटतं, हाताला मुंग्या येतात. इतक्या लवकर कूर्चा झिजत नाही. म्हणजे इथे दुखते ती झीज नव्हे, तर कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातली सूज आणि दुखण्याचा खाली आलेला उंबरठा. औषध थांबवल्यावर ते बहुधा ओसरतं, यावरूनही तेच कळतं. पाळी गेल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तुमचंही काही दुखणं याच जातीचं असणार. एक्सरे जवळपास साफ आणि दुखणं भरपूर, अशा बायकांना ‘मनाचं आहे’ म्हणून पूर्वी आम्हीच वाटेला लावलं. माझाही त्यात वाटा आहे.

बहिणीने गोळी स्वतःहून सोडायची नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं तर तीन-चार वाटा आहेत. थोडी विश्रांती देऊन त्याच गटातलं दुसरं औषध, कधी टॅमोक्सिफेन, कधी ड्युलोक्सेटिन. चाचणीत ड्युलोक्सेटिनने या दुखण्यात खोट्या गोळीपेक्षा जास्त आराम दिला. आणि व्यायाम. एका अमेरिकी चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं चालणं व दोनदा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांचं सर्वांत वाईट दुखणं वर्षात सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. हार्मोनच्या गोळ्या किंवा ‘नैसर्गिक इस्ट्रोजेन’ म्हणून विकली जाणारी चूर्णं तिने अजिबात घ्यायची नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन आठवड्यांनी पायाला अर्ध्या किलोची पिशवी बांधायची. मग खुर्चीतून हात न लावता उठणं. पहिल्या दहा दिवसांत थोडं जास्त दुखेल, तिथेच निम्म्या जणी सोडतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, त्यामुळे पाच किलोंचंही मोल मोठं. दुखतं तिथे डायक्लोफेनॅकचं मलम चालेल. पोटातून रोज वेदनाशामक नको, विशेषतः बीपी असेल तर. ग्लुकोसामाइनवर महिन्याचे पैसे घालू नका. संडास कमोडचा करा, आणि कमीपणा मानू नका.

अंगठ्यासाठी मनगट मोकळं ठेवून फक्त बूड धरणारा पट्टा मिळतो. काम करताना तो लावायचा, रात्री काढायचा. लाटण्याच्या दांड्यांवर जाड कापड गुंडाळा म्हणजे चिमूट उघडी राहते, कणीक थोडी सैल मळा, बरणीखाली ओलं फडकं ठेवून झाकण तळव्याने फिरवा. सहा आठवडे हे करूनही कळ तेवढीच असेल तर हाताचा एक्सरे काढून या. येताना आईचे हात दिसतील असा एखादा फोटो असला तर तोही आणा.